एकटा ऑस्कर की भांडखोर जोडपं?

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर पाणी. एवढी टाकी घरात आणून सिक्लिड (अंडी-पिल्लं राखणाऱ्या, भांडखोर माशांचं एक कुळ) पाळायला निघालेला माणूस दुकानात दोन ठिकाणी अडखळतो. एकीकडे ऑस्कर नावाच्या सिक्लिडचं दोन इंचांचं, गोल डोळ्यांचं पिल्लू. दुसरीकडे ‘पक्की जोडी आहे साहेब’ म्हणून दाखवलेले दोन मोठे मासे. मी दोन्हीकडे घसरलोय.

आधी जोडीचं सांगतो. ऑस्करमध्ये नर कोणता, मादी कोणती, हे एरवी बाहेरून कळत नाही. अंडी घालण्याच्या वेळी पोटाखाली छोटी नळी बाहेर येते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक, टोकदार. तेवढीच काय ती खूण. माझ्या जोडीने एका सपाट दगडावर अंडी घातली, दोघंही डोळ्यात तेल घालून राखण करू लागले. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. दोन दिवसांत सगळी अंडी चुन्यासारखी पांढरीफटक. पुढच्या खेपेलाही तेच झालं, तेव्हा ट्यूब पेटली: दोघीही माद्या होत्या! नर नसला तर दोन माद्या आपसात जोडी जमवतात आणि न फळलेली अंडीही इमानाने सांभाळतात. म्हणून जाणकार जोडी विकत घेत नाहीत. पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवतात आणि जमेल ती जोडी जमू देतात. पण ऑस्कर फूटभर वाढतो. सहा ऑस्कर मोठे करायचे तर टाकी नव्हे, हौद लागेल.

खरा प्रश्न मात्र संख्येचा नाहीच, रागाचा आहे. बहुतेक मासे अंडी सोडून निघून जातात. सिक्लिड थांबतात. अंड्यांना पंखांनी वारा घालतात, पिल्लं आठवडेच्या आठवडे राखतात. आजूबाजूचा प्रत्येक मासा त्या पिल्लांकडे खाऊ म्हणून बघत असल्याने आईबापांना भांडखोर असण्यावाचून गत्यंतर नसतं. तळ्यात हा राग शेजाऱ्यांवर निघतो. काचेच्या पेटीत शेजारी कुठून आणणार? प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ (1973 चे नोबेल मानकरी) यांनी हे पाहून ठेवलं होतं. आसपासचे मासे काढून घेऊन सिक्लिडची जोडी एकटी ठेवली की नर बायकोवरच उलटतो. तळ्यात मादी पळून जाते. टाकीत पळणार किती, चारच फूट! दोन दिवसांत पंख आणि शेपटी फाटलेली मादी कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थराला चिकटून उभी दिसते. तशी दिसली की ताबडतोब वेगळी करायची. ‘होईल समेट’ म्हणून वाट बघायची नाही. मध्ये जाळीचा पडदा घालून त्याला फक्त मादी जाईल एवढं भोक ठेवण्याची युक्ती चांगली, पण मादी नरापेक्षा लहान असेल तरच चालणारी.

त्यामुळे या मापाच्या टाकीत जोडीच हवी असेल तर मी मध्य अमेरिकेतला काँव्हिक्ट सिक्लिड सुचवेन. कैद्याच्या कपड्यांसारखे काळे पट्टे, म्हणून हे नाव. नर चार-पाच इंचांचा. मादी लहान, पण तिच्या पोटावर केशरी झाक, त्यामुळे फसवणूक होत नाही. संध्याकाळी दिवा मंद केला की बघावं. भरकटलेलं पिल्लू बाप तोंडात ओढून घेतो, तळाशी खणलेल्या खड्ड्याशी जातो आणि पिल्लांच्या घोळक्यात ‘फू’ करून थुंकतो. आई तळातलं पान उलटते, खालचं खाणं पिल्लांना मोकळं होतं. फ्रान्समधल्या दिजाँच्या संशोधकांनी 2019 मध्ये याच माशावर एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. कोणत्या डबीत खाऊ असतो आणि कोणती रिकामी, हे माद्यांना शिकवलं. मग धड इकडची ना तिकडची अशी तिसरी डबी ठेवली. आवडता नर काढून घेतलेल्या माद्या ती उघडायला जास्त वेळ लावू लागल्या. आशाच कमी झालेली! माशाला विरह होतो असं मी म्हणणार नाही, पण जोडी ही नुसती दोनाची बेरीज नाही एवढं नक्की.

काँव्हिक्टची अडचण एकच: ते थांबत नाहीत. एका वेळी शे-दोनशे पिल्लं, आणि ती मोठी होतात न होतात तोच पुढची अंडी. दुकानदार पहिली खेप घेतो, दुसऱ्यांदा हात जोडतो. ती जवळच्या तलावात सोडणं हा मात्र पर्याय नव्हे. परक्या माशांनी आपल्या नद्या-तलावांचं काय केलंय हे तिलापियाकडे बघून कळतं.

एकट्या ऑस्करला ही भानगड नाही. फ्लॉवरहॉर्नलाही नाही. तो मुळात 1990 च्या दशकात मलेशियात तयार केलेला सिक्लिडचा संकर, त्याचे बरेच नर वांझच निघतात. एकटा म्हणजे कमी काम, असं मात्र समजू नका. ऑस्कर खातो भरपूर आणि घाण त्याहून भरपूर करतो. त्यातून सुटणारा अमोनिया मोडायला दणकट फिल्टर हवा आणि आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायला हवं. हे दहा वर्षं, कधी त्याहून जास्त.

जाता जाता: सिक्लिड आपल्याकडचेही आहेत, फक्त तीन जातींचे. त्यातला एक गोव्यात कालुंदर म्हणून तव्यावर जातो. दुसरा तीन इंचांचा पिवळा-केशरी ऑरेंज क्रोमाइड. त्याची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टिपून खातात. जोडीचा संसारच बघायचा असेल तर मला हा काँव्हिक्टपेक्षाही आवडतो.

माझ्या टाकीत सध्या एकच ऑस्कर आहे. मी खोलीत आलो की काचेशी येऊन शेपूट हलवतो, पाहुणे आले की मागे सरकतो. काल त्याने थर्मामीटर उपटून काढला, तिसऱ्यांदा.