चित्राचा पत्ता कुठून मोजायचा? तुटलेल्या इमेज पाथची पार्श्वभूमी

संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवले की पहिली तक्रार बहुधा चित्रांची येते. मजकूर जागच्या जागी असतो, मेनू चालतो, फक्त फोटोंच्या ठिकाणी रिकाम्या चौकटी. मग घाईघाईने एफटीपी (सर्व्हरवर फाइल चढवण्याचे साधन) उघडून सगळा फोल्डर पुन्हा चढवला जातो. ही मेहनत सहसा वाया जाते, कारण फाइल सर्व्हरवर आधीपासूनच असते. पानात लिहिलेला पाथ, म्हणजे फोल्डरांमधून फाइलपर्यंत जाणारा पत्ता, नेमका कुठून मोजायचा, याबद्दल पान लिहिणारा, ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या समजुती वेगवेगळ्या असतात. त्या तशा का झाल्या, याची ही पार्श्वभूमी.

फोल्डरांच्या नावांमध्ये स्लॅश घालण्याची रीत युनिक्सची, १९७० च्या दशकातली. विंडोजच्या आधीची पीसीवरची प्रणाली असलेल्या डॉसच्या १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते. १९८३ मध्ये ते आले तेव्हा स्लॅश हे चिन्ह कमांडच्या पर्यायांसाठी आधीच अडकलेले होते, म्हणून उलटा स्लॅश निवडला गेला. वेबचा जन्म युनिक्स-वळणाच्या यंत्रावर झाला आणि पत्त्यांनी सरळ स्लॅश उचलला. पाने मात्र पुढे प्रामुख्याने विंडोजवर बनू लागली. उलटा स्लॅश टाकलेला पाथ इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर मुकाट्याने सुधारून घेई, त्याचा प्रतिस्पर्धी नेटस्केप त्याला नावातलेच एक अक्षर मानी. आजच्या नियमाने इंटरनेट एक्सप्लोररचा तो सैलपणाच अधिकृत केला आहे, त्यामुळे ब्राउझरपुरता हा प्रश्न मिटला. लिनक्स सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तो अजून जिवंत आहे.

चित्रासाठी पानाच्या भाषेत, एचटीएमएलमध्ये, स्वतंत्र टॅग (खूण) फेब्रुवारी १९९३ मध्ये सुचवला गेला. चर्चेत त्याहून सर्वसमावेशक पर्यायही होते, पण सुचवणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये तो टॅग चालू झाला आणि चर्चा तिथेच संपल्यात जमा झाली. सापेक्ष पत्ता, म्हणजे डोमेन न लिहिता पानाच्या जागेपासून मोजलेला पत्ता, कसा सोडवायचा याचा स्वतंत्र लेखी नियम जून १९९५ चा, म्हणजे लोक चित्रे टाकायला लागून दोन वर्षे उलटल्यानंतरचा. पानाच्या पत्त्यात शेवटच्या स्लॅशपर्यंतचा भाग ठेवायचा, पुढचा टाकून द्यायचा आणि उरलेल्याला सापेक्ष पाथ जोडायचा, असा तो नियम. पान '/लेख/पाऊस' असेल तर 'फोटो/ढग.जेपीजी' हे चित्र 'लेख' या फोल्डरखाली शोधले जाते. पान '/लेख/पाऊस/' असेल तर 'पाऊस' खाली. एका स्लॅशचा फरक, आणि तो सर्व्हर परस्पर लावतो किंवा काढतो.

दोन टिंबांनी वरच्या फोल्डरात जाण्याबाबत तर नियमच बदलला. मुळाच्याही वर जाऊ पाहणारी जादा टिंबे १९९५ च्या नियमानुसार पत्त्यात तशीच राहायची. जानेवारी २००५ च्या नियमाने ती गाळून टाकायला सांगितले. ब्राउझर बहुधा आधीपासूनच गाळत होते. या सोयीमुळे एक चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहते. एकदाच वर जायचे असताना दोनदा गेलेला पाथ, साइट डोमेनच्या मुळाशी असेपर्यंत, बरोबर चित्र दाखवतो. तीच साइट एखाद्या उपफोल्डरात हलवली की जादा टिंबे खरोखर वर जातात आणि सगळी चित्रे एकदम नाहीशी होतात. लोक दोष नव्या होस्टिंगला देतात.

लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ याच काळातला आहे आणि अजूनही सर्वाधिक डोकेदुखी त्याचीच, असे माझे मत आहे. विंडोज आणि मॅक नावातील कॅपिटल अक्षरे जपतात, पण शोधताना भेद करत नाहीत; लिनक्स करते. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी १९९८ मध्ये ठरलेल्या नामपद्धतीत चार अक्षरे, चार अंक आणि कॅपिटलमधले जेपीजी असे नाव पक्के झाले. पान लिहिणाऱ्याने सवयीने लहान अक्षरांत टाइप केले, त्याच्या संगणकावर चित्र दिसले, सर्व्हरवर ४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही'. पुढे गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) आल्यावर यात आणखी एक पदर आला. विंडोज किंवा मॅकवर फाइलच्या नावातील फक्त कॅपिटल अक्षर बदलले, तर गिटला बहुधा बदल झाल्याचे कळतच नाही. दुरुस्ती स्वतःच्या मशीनवर दिसते, सर्व्हरपर्यंत पोचत नाही. गिटच्याच नाव बदलण्याच्या कमांडने बदल नोंदवावा लागतो.

आता मुख्य वळण. सुरुवातीच्या सर्व्हरवर पत्त्यातला पाथ आणि डिस्कवरचा पाथ जवळपास एकच असायचा, एका ठरावीक फोल्डरखाली सरळ जुळणारा. १९९६ मध्ये अपाची या वेब सर्व्हरसाठी पत्त्यांचे पुनर्लेखन करणारे मॉड्यूल लिहिले गेले आणि ही जुळणी ऐच्छिक झाली. '/२००९/०७/पाऊस/' असा देखणा पत्ता दिसतो, पण त्या नावाचा एकही फोल्डर डिस्कवर नसतो. मागे पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतली एकच फाइल सगळ्या विनंत्या झेलत असते. पत्ता दिसायला अजून फाइलच्या पाथसारखाच आहे आणि ब्राउझर सापेक्ष चित्रे त्या आभासी फोल्डरांतच शोधतो. हा सारखेपणा राहिला नसता तर निम्मा गोंधळ झालाच नसता.

पूर्ण पत्त्याचा निर्णय

देखणे पत्ते रुळल्यावर ब्लॉग चालवणाऱ्या प्रणालींपुढे प्रश्न आला की लेखात घातलेल्या चित्राचा पाथ डेटाबेसमध्ये कसा साठवायचा. एकच लेख मुखपृष्ठावर, महिन्याच्या संग्रहात, विषयाच्या यादीत आणि स्वतःच्या पानावर, अशा वेगवेगळ्या खोलीवर दिसतो. पानापासून मोजलेला पाथ चारपैकी एका ठिकाणी चालणार, तीन ठिकाणी तुटणार. स्लॅशने सुरू होणारा, डोमेनच्या मुळापासूनचा पाथ चारही ठिकाणी चालतो. तरीही २००३ मध्ये सुरू झालेल्या वर्डप्रेस या ब्लॉग-प्रणालीने तिसरा मार्ग धरला आणि प्रोटोकॉल (सुरुवातीचे 'एचटीटीपी') व डोमेनसह पूर्ण पत्ता लेखाच्या मजकुरातच लिहून ठेवला.

या निर्णयामागे कारणे होती. त्या काळी लेख फीडमधून, म्हणजे साइटवर न जाता नवे लेख आणून देणाऱ्या यादीतून, वाचले जात. फीड वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला मूळ पत्ता कुठला धरायचा हे खात्रीने कळत नसे, त्यामुळे अपूर्ण पाथवरची चित्रे तिथे हमखास गायब होत. ईमेलने जाणाऱ्या लेखांचेही तेच. शिवाय ज्यांनी वर्डप्रेस उपफोल्डरात बसवले होते, त्यांच्यासाठी 'मूळ' म्हणजे डोमेनचे की साइटचे, हा वाद होता. पूर्ण पत्त्यात संदिग्धता नाही, असा समर्थकांचा मुद्दा. अपूर्ण पाथ साठवण्याची मागणी प्रकल्पाच्या चर्चांमध्ये वारंवार झाली, दर वेळी हीच कारणे दिली गेली आणि ती स्वीकारली गेली नाही.

कारणे खरी आहेत, पण हिशेब एकतर्फी झाला असे मला वाटते. फीडची अडचण लेख बाहेर पाठवताना पत्ता पूर्ण करून सोडवता आली असती. त्याऐवजी प्रत्येक लेखाच्या पोटात साइटचे त्या दिवशीचे नाव कोरले गेले. डोमेन बदलले, चाचणीसाठी वेगळी प्रत उभी केली, सुरुवातीचे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' काढले, की हजारो ठिकाणी जुना पत्ता शिल्लक. त्यातला फसवा भाग असा की चाचणीच्या प्रतीवर चित्रे व्यवस्थित दिसतात, कारण ती अजून जुन्या सर्व्हरवरूनच येत असतात. जुने होस्टिंग बंद झाल्यावर, कधी स्थलांतर पार पडल्यानंतर काही महिन्यांनी, ती एका दिवसात नाहीशी होतात.

मग डेटाबेसवर शोधा-आणि-बदला चालवण्याची प्रथा पडली, आणि तिने आपली वेगळी मोडतोड आणली. लेखांचा मजकूर साधा असतो, पण थीमच्या (साइटच्या देखाव्याच्या) आणि विजेटच्या (बाजूच्या पट्टीतल्या तुकड्यांच्या) सेटिंग पीएचपीच्या क्रमबद्ध स्वरूपात साठवल्या जातात. त्यात प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. 'एचटीटीपी'चे 'एचटीटीपीएस' (त्याचीच सुरक्षित आवृत्ती) केले की पत्ता एका अक्षराने वाढतो, लिहिलेली लांबी जुनीच राहते आणि पीएचपी ती संपूर्ण नोंद वाचायला नकार देते. लेखांतली चित्रे ठीक आणि मथळ्यातला लोगो, बाजूच्या पट्टीतले बॅनर मात्र गायब, अशी विभागणी दिसली तर आधी हाच संशय घ्यावा. लांबी सांभाळून बदल करणारी साधने आहेत. डेटाबेसची निर्यात केलेली फाइल साध्या संपादकात उघडून बदल करणे हा मात्र आजही लोकप्रिय आणि आजही चुकीचा उपाय आहे.

एचटीटीपीएसची लाट आली तेव्हा या निर्णयाची किंमत सगळ्यांना एकाच वेळी मोजावी लागली. २०१५ च्या अखेरीस त्यासाठी लागणारी मोफत प्रमाणपत्रे सर्वांना उपलब्ध झाली. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर 'असुरक्षित' असा शिक्का मारू लागला. साइट सुरक्षित झाली, पण लेखांतले पत्ते जुन्याच प्रोटोकॉलचे राहिले. चित्रे हा कमी धोक्याचा प्रकार धरल्यामुळे ब्राउझर बराच काळ ती दाखवत आणि कुलपाचे चिन्ह तेवढे काढून घेत. पुढे क्रोमने धोरण कडक केले: चित्राची विनंती आपोआप एचटीटीपीएसवर वळवायची, आणि तिथे ते मिळाले नाही तर जुन्या मार्गाला परतायचे नाही. स्वतःच्या साइटवरची चित्रे यामुळे आपोआप सावरली. ज्यांनी ती दुसऱ्या, प्रमाणपत्र नसलेल्या सर्व्हरवरून ओढली होती, त्यांची कायमची गेली.

मधल्या काळात प्रोटोकॉल गाळून दोन स्लॅशने पत्ता सुरू करण्याची टूम आली. एचटीटीपी असो वा एचटीटीपीएस, पान ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने चित्र येईल, ही कल्पना. पान थेट संगणकावरून उघडले की ती कोसळते आणि ईमेलमध्येही तिचा भरवसा नाही. सगळीकडे एचटीटीपीएस झाल्यावर तिचे प्रयोजनही उरले नाही. वर्डप्रेसने मार्च २०२१ च्या आवृत्तीत एचटीटीपीएसकडे जाण्याची सोय दिली, तीही साठवलेले पत्ते न बदलता पान दाखवताना जागच्या जागी बदलून. म्हणजे अखेर पत्ता बाहेर पडताना दुरुस्त करण्याचाच मार्ग धरावा लागला. डेटाबेसमधले जुने पत्ते तसेच आहेत.

पाथ बरोबर, फाइल हजर, तरी चित्र नाही

एकाच स्थापनेत अनेक साइट चालवण्याच्या वर्डप्रेसच्या व्यवस्थेत २०१२ च्या अखेरपर्यंत चित्रे एका पीएचपी फाइलमार्फत पुरवली जात. पत्त्यात 'फाइल्स' नावाचा फोल्डर दिसे, डिस्कवर चित्र भलतीकडेच असे. एखाद्या सेटिंगच्या फाइलमध्ये पीएचपी सुरू होण्याआधी एक रिकामी ओळ राहिली, तरी ती ओळ प्रत्येक चित्राच्या आधी चिकटून जाई आणि ब्राउझरच्या लेखी चित्र भ्रष्ट. डिसेंबर २०१२ नंतरच्या नव्या स्थापनांमध्ये ही पद्धत सोडून दिली गेली. जुन्या मात्र तशाच चालू राहिल्या.

पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसमधला पाथ त्या सजावटीच्या, म्हणजे स्टाइलशीटच्या, फाइलपासून मोजायचा असतो, पानापासून नाही. नेटस्केपची चौथी आवृत्ती तो पानापासूनच मोजत असे, म्हणून त्या वेळचे लोक पूर्ण पत्ते लिहीत. आता अनेक स्टाइलशीट एकत्र करून दुसऱ्याच फोल्डरात ठेवणाऱ्या प्लगिनमुळे तोच प्रश्न परत आला आहे: प्लगिन बंद केले की पार्श्वचित्रे परततात.

पडद्यानुसार वेगवेगळ्या आकाराची चित्रे देणारे एसआरसीसेट आले आणि नावातली मोकळी जागा नव्याने नडू लागली. साध्या एसआरसीमध्ये (टॅगमधल्या चित्राच्या एकाच पत्त्यात) ब्राउझर मोकळ्या जागेचे '%२०' स्वतः करतो. एसआरसीसेटमध्ये मोकळी जागा पत्ता संपल्याची खूण असते, त्यामुळे तेच नाव तिथे मधोमध तुटते. देवनागरी नावांचे दुखणे वेगळे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात, म्हणजे एका चिन्हाला नऊ. लांबीपेक्षा त्रासदायक आहे ते 'ऱ'सारखे अक्षर. ते एका सांकेतिक क्रमांकाने लिहिता येते किंवा र आणि नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. मॅकची जुनी फाइलप्रणाली नाव साठवताना त्याचे दोन तुकडे करीत असे. डोळ्यांना नावे एकच दिसतात, लिनक्स सर्व्हरला ती दोन वेगळ्या फाइलींची वाटतात.

२००६ मध्ये फायरबग हे फायरफॉक्सला जोडायचे तपासणी-साधन आले आणि प्रत्येक चित्राच्या विनंतीचे उत्तर ब्राउझरमध्येच पाहता येऊ लागले. त्याआधी सर्व्हरची लॉग फाइल मागवावी लागे, आणि सामायिक होस्टिंगवर ती मिळेलच असे नव्हते. ४०४ आले तर पत्ता चुकला, ४०३ आले तर परवानगी किंवा दुसऱ्याच्या साइटवरून चित्र ओढण्यावरची बंदी, ही ढोबळ विभागणी तेव्हापासूनची. आता तीही पुरत नाही. एकाच पानावर चालणाऱ्या ॲपमध्ये सर्व्हरला सांगितलेले असते की न सापडलेला कोणताही पत्ता मुख्य पानाकडे वळव. न सापडलेल्या चित्राच्या जागीही मग मुख्य पानाचे एचटीएमएल येते आणि सोबत यशाचा २०० क्रमांक. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये, म्हणजे विनंत्यांच्या यादीत, लाल काहीच दिसत नाही. अशा वेळी कंटेंट-टाइपचा, म्हणजे काय प्रकारची फाइल आली हे सांगणारा, रकाना पाहावा. तिथे चित्राऐवजी टेक्स्ट/एचटीएमएल लिहिलेले असते. चित्राचा पत्ता नव्या टॅबमध्ये उघडला तर साइटचेच एखादे पान समोर येते.