दिवा आधी बदलतो, कॅमेरा मागून येतो: रात्रीच्या फोटोमागचा इतिहास

रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्याखाली काढलेली रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो) एडिटिंगला घेतली की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगतापमानाचा (उजेड किती पिवळा की निळा याचे केल्विनमधले माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा) स्लायडर निळ्याकडे ओढत न्यावा, तर तो २००० केल्विनला जाऊन थांबतो आणि चेहरा नारिंगीच राहतो. मग टिंट (हिरव्या-किरमिजीचा तोल) हलवून बघा, सॅच्युरेशन उतरवून बघा, त्वचेला त्वचेचा रंग काही येत नाही. यात सॉफ्टवेअरचा दोष थोडा आणि एडिट करणाऱ्याचा त्याहूनही थोडा. अडचण त्या दिव्यात आहे, आणि दिव्यांनी फोटोग्राफरची अशी अडवणूक करण्याला दीडशेहून जास्त वर्षे झाली आहेत. ती हकिगत माहीत असली की कुठल्या फाइलवर मेहनत घ्यायची आणि कुठल्या फाइलकडून काय अपेक्षा ठेवायची नाही, हे लवकर कळते. म्हणून इथे ती दिव्यांच्या क्रमाने सांगतो.

फोटोग्राफी जन्मली तेव्हा मोठ्या शहरांत गॅसचे दिवे येऊन बरीच वर्षे झाली होती. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर ते १८०७ सालीच लागले होते. पण १८३९ साली जाहीर झालेला दागेरचा चांदीचा मुलामा दिलेला पत्रा काय किंवा १८५१ नंतर रूढ झालेली ओल्या कोलोडियनचा (एका चिकट द्रवाचा) लेप दिलेली काच काय, दोघांनाही फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश कळायचा. गॅसच्या पिवळसर ज्योतीत निळा भाग अगदी तुटपुंजा. माणसाला स्वच्छ दिसणारा रस्ता काचेच्या लेखी जवळजवळ काळोख होता. ही दरी किती मोठी होती याचा पुरावा १८९३ सालच्या व्हेलॉक्स या छपाईच्या कागदात सापडतो. लिओ बेकलंडने तयार केलेला हा कागद मंद गॅसच्या उजेडात बिनधास्त हाताळता येत असे, आणि प्रिंट काढायची वेळ आली की तोच कागद ज्योतीच्या जवळ धरायचा.

निळा प्रकाश भरपूर देणारा पहिला कृत्रिम स्रोत म्हणजे विजेची कमान, म्हणजेच आर्क दिवा. १८६१ साली पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराने बुन्सेनच्या बॅटऱ्या आणि आर्क दिवे घेऊन जमिनीखालच्या अस्थिगृहांत कॅमेरा लावला. एक्स्पोजर, म्हणजे काचेवर उजेड पडू द्यायचा वेळ, १८ मिनिटांपर्यंत जात होते. इतका वेळ कुणी निश्चल उभे राहणे शक्य नाही, म्हणून मजुरांच्या जागी त्याने कपडे घातलेले पुतळे ठेवले. आज ट्रायपॉड लावून तीस सेकंदांचे एक्स्पोजर देताना माणसे पुसट होतात म्हणून आपण कुरकुरतो, ती अडचण इतकी जुनी आहे.

दुसरी वाट मॅग्नेशियमची. १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीठे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून क्षणात भडकणारी फ्लॅश पावडर बनवली. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींतले जेकब रीसचे फोटो याच पावडरीच्या जोरावर निघाले. त्यांचे सामाजिक मोल मोठे आहे. पण फ्लॅश स्वतःचा उजेड घेऊन येतो आणि त्या जागेचा उजेड पुसून टाकतो, त्यामुळे आपल्या विषयाच्या दृष्टीने तो आडरस्ताच. पुढे फ्लॅश बल्ब आले, इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला, तरी हा स्वभाव बदलला नाही.

असलेल्याच उजेडात रात्र पकडायची तर काचेला पिवळा आणि लाल दिसायला हवा होता. १८७३ साली हेर्मान फोगेलला आढळले की इमल्शनमध्ये, म्हणजे काचेवरच्या प्रकाशसंवेदी लेपात, ठरावीक रंगद्रव्य मिसळले की तिला हिरवा प्रकाशही कळू लागतो. लालपर्यंत पोहोचणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ साली बाजारात आल्या. मधल्या काळातली कामगिरी म्हणूनच मला विशेष वाटते. १८९५-९६ मध्ये पॉल मार्टिनने गॅसच्या दिव्यांतले लंडन टिपले. पाठोपाठ आल्फ्रेड स्टिग्लिट्झने न्यूयॉर्कच्या ओल्या आणि बर्फाळ रात्री टिपल्या. काचेची दृष्टी अर्धवट असताना, केवळ लांब एक्स्पोजर आणि ओल्या रस्त्यावरची प्रतिबिंबे यांच्या बळावर हे झाले. त्यांना आणखी एक शत्रू होता. दिव्याचा झोत इमल्शनमधून आरपार जाई, काचेच्या मागच्या पृष्ठभागावरून परते आणि दिव्याभोवती पांढरे वलय उमटवी. त्यावर उपाय म्हणून काचेच्या पाठीला गडद लेप देत. पुढे फिल्ममध्ये हा थर कारखान्यातच बसवला गेला. आज तो थर काढून टाकलेली सिनेमाची फिल्म लोक मुद्दाम वापरतात, कारण दिव्याभोवतीचे लाल वलय त्यांना हवे असते. दोष म्हणून घालवलेली गोष्ट शैली म्हणून परत आली.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रासायने पॅरिसची रात्र टिपली, आणि एडिटिंग करणाऱ्या प्रत्येकाने ते फोटो निरखून पाहावेत असे मला मनापासून वाटते. तो एक्स्पोजर सिगारेटने मोजायचा, अमुक उजेडाला एक ब्रँड आणि त्याहून कमी उजेडाला जास्त वेळ जळणारा दुसरा. पण त्याचे खरे कौशल्य दिवा कुठे ठेवायचा यात आहे. उघडा दिवा तो शक्यतो झाडाच्या बुंध्याआड किंवा भिंतीआड लपवायचा आणि त्याचा उजेड मात्र फ्रेममध्ये येऊ द्यायचा. धुके आणि पाऊस त्याला हवेसे असत, कारण धुक्यात उजेड पसरतो आणि काळ्या-पांढऱ्यातले अंतर कमी होते. आपण हायलाइट आणि शॅडोचे स्लायडर टोकाला नेऊन जे मिळवू पाहतो, ते त्याने जागा आणि हवामान निवडून मिळवले होते. त्याच्या फोटोंत काळा भाग काळाच आहे. तो उजळून आत काय होते हे दाखवायची गरज त्याला पडली नाही.

लांब एक्स्पोजरमध्ये आणखी एक खोट होती. ताऱ्यांची तेजस्विता फोटोवरून मोजताना कार्ल श्वार्झशिल्डच्या लक्षात आले, आणि १९०० साली त्याने मांडले, की मंद प्रकाशात इमल्शन आळसावते. उजेड निम्मा झाला तर वेळ दुप्पट करून भागत नाही, त्याहून जास्त द्यावा लागतो. कृष्णधवल फिल्मला हा फक्त वेळेचा हिशोब होता. रंगीत फिल्म आली तेव्हा दुखणे वाढले, कारण तिचे तीन थर वेगवेगळ्या प्रमाणात आळसावत आणि मिनिटभराच्या एक्स्पोजरनंतर अख्ख्या रात्रीला भलतीच छटा चढे. डिजिटल सेन्सरने ही अडचण मुळातून संपवली. नव्या माणसाला हिची कल्पनाही नसते.

रंगाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १९३५ साली कोडाक्रोम आल्यावर. डोळा आणि मेंदू मिळून दिव्याचा रंग वजा करतात. पिवळ्या बल्बखालचा पांढरा कागद आपल्याला पांढराच भासतो. फिल्मला ही सोय नाही. म्हणून कारखान्यांनी दोन जाती केल्या, साधारण ५५०० केल्विनची दिवसासाठी आणि ३२०० केल्विनची टंगस्टन बल्बसाठी. दिवसाची फिल्म बल्बखाली वापरायची तर निळा ८०ए फिल्टर लावायचा, आणि तो दोन स्टॉप उजेड खायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). जिथे आधीच उजेड नाही तिथे त्यातला तीन-चतुर्थांश सोडून द्यायचा! ट्यूबलाइटचे आणखी वेगळे. तिच्यातल्या पाऱ्याची ५४६ नॅनोमीटर तरंगलांबीची हिरवी रेषा, म्हणजे प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टा, डोळा दुर्लक्षतो पण फिल्म टिपते, म्हणून त्यासाठी किरमिजी फिल्टर. एका दृश्यात बल्ब, ट्यूब आणि रस्त्यावरचा दिवा एकत्र आले की मात्र फिल्टरांचा डबा निरुपयोगी ठरे, कारण फिल्टर लेन्सवर लागतो आणि सगळ्या फ्रेमला सारखाच रंगवतो. सिनेमावाल्यांनी यावर दिव्यांवर आणि खिडक्यांवरच रंगीत जेल, म्हणजे पारदर्शक रंगीत पापुद्रे, चिकटवण्याचा मार्ग काढला. एकट्या फोटोग्राफरला शहराच्या दिव्यांवर जेल कोण लावू देणार?

आणि मग सोडियम. कमी दाबाचा सोडियम दिवा १९३२ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यावर आला. विजेच्या हिशोबात त्याच्याइतका काटकसरी दिवा पुढे कित्येक दशके झाला नाही. खगोलशास्त्रज्ञांनाही तो प्रिय, कारण त्याचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन चिकटलेल्या रेषांत असतो आणि दुर्बिणीवर तेवढाच गाळता येतो. फोटोसाठी मात्र तो सर्वांत वाईट दिवा. एकाच तरंगलांबीच्या उजेडात वस्तूला रंग नसतो. लाल साडी आणि हिरवी साडी दोन्ही पिवळ्याच, एक थोडी गडद, एक थोडी फिकट. परतून आलेल्या प्रकाशात रंगाची माहितीच नाही, मग ती फाइलमध्ये कुठून येणार?

१९६० च्या दशकात जास्त दाबाचा सोडियम दिवा आला आणि जगभरच्या रस्त्यांवर पसरला. याचा प्रकाश रुंद पट्ट्यात असतो, त्यामुळे लाल-हिरव्यात थोडा फरक दिसतो. पण रंगतापमान जेमतेम २००० केल्विन आणि रंगदर्शन निर्देशांक (रंग किती खरे दिसतात याचे माप) शंभरपैकी वीस-पंचवीस. सुरुवातीला सांगितलेला स्लायडर अडतो तो इथेच. निळ्याचा दुष्काळ इतका की व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरे दिसावे असा रंगांचा तोल, साधायला निळ्या चॅनेलला कित्येक पटींनी गुणावे लागते.

हे गुणणे १९०२ सालच्या एका कल्पनेवर उभे आहे. डोळ्यातले तीन ग्राहक आपापली संवेदनशीलता स्वतंत्रपणे वरखाली करतात आणि म्हणून पांढरे पांढरे दिसते, असे योहानेस फॉन क्रीसने मांडले होते. डिजिटल व्हाइट बॅलन्सही तेच करतो, लाल, हिरवा आणि निळा यांना तीन वेगळ्या आकड्यांनी गुणतो. १९७६ साली पेटंट मिळालेल्या ब्राइस बायरच्या, सेन्सरवर बसणाऱ्या रंगगाळण्यांच्या जाळीत निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. सोडियमखाली त्या पाव निळ्यांवर प्रकाश जवळजवळ पडतच नाही, आणि गुणाकार केला की प्रकाशापेक्षा नॉइजच (फोटोतले दाणेदार ठिपके) जास्त वाढतो. रात्रीच्या फोटोत सावल्यांमध्ये दिसणारे निळे-जांभळे ठिपके बरेचदा इथून येतात. उलट लाल चॅनेल सर्वांत आधी भरतो आणि त्यातला तपशील उडतो. कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) सुरक्षित दिसत असतानाही हे घडते, म्हणून सोडियमखाली तिन्ही चॅनेलचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहावेत. कॅमेऱ्याचे खास प्रोफाइल (त्याचे रंग कसे वाचायचे हे सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल) बनवले तर २००० ची भिंत मागे सरकते. नॉइज मात्र तिथेच राहतो.

फिल्मच्या काळात न सुटलेला मिश्र उजेडाचा प्रश्न डिजिटलने सोडवला, आणि माझ्या मते रात्रीच्या एडिटिंगमधली सर्वांत मोठी प्रगती हीच. सेन्सरची वाढलेली क्षमता सगळ्यांच्या लक्षात राहते, पण २०१२ साली लाइटरूमच्या चौथ्या आवृत्तीत ब्रशने ठरावीक जागेपुरता व्हाइट बॅलन्स बदलता येऊ लागला, तो दिवस फारसा कुणी आठवत नाही. दुकानाच्या आतली ट्यूब एका मास्कमध्ये (निवडलेल्या भागात), बाहेरचा रस्ता दुसऱ्यात. सिनेमावाल्यांची जेल अखेर एकट्या फोटोग्राफरच्या हाती आली. ती सर्वत्र लावून सगळेच पांढरेशुभ्र करू नये, एवढेच माझे म्हणणे. ट्यूबचा हिरवा उतरवा, पण रस्त्याची ऊब थोडी राहू द्या. दोन दिव्यांतला फरक पुसला की जागेची ओळखही पुसते.

दिव्यांचा फरक जागेबद्दल किती बोलतो, हे २०१३ साली अंतराळस्थानकावरून क्रिस हॅडफिल्डने काढलेल्या बर्लिनच्या फोटोत दिसते. भिंत पडून दोन दशके उलटली होती, तरी पूर्वेकडचा भाग सोडियमने पिवळा आणि पश्चिमेकडचा वेगळ्या दिव्यांनी पांढरट दिसत होता. २०१५ साली तिथूनच सामंता क्रिस्टोफोरेत्तीने टिपलेल्या मिलानच्या मध्यभागी नवे एलईडी थंड पांढरे उजळले होते आणि भोवताली जुना नारिंगी पट्टा होता.

एलईडीने सगळे सोपे होईल असे वाटले होते, तसे झाले नाही. १९९० च्या दशकात निळा एलईडी हाती आल्यावर त्यावर पिवळे फॉस्फर (निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्यात बदलणारा पदार्थ) लावून पांढरा उजेड बनवला गेला. त्यात साधारण ४५० नॅनोमीटरला निळ्याचे उंच टोक, त्यानंतर आकाशी भागात खोल दरी, आणि गडद लाल कमी. सोडियमच्या मानाने रंग खूपच बरे, पण त्वचा निस्तेज पडते. केल्विनचा आकडा बरोबर लावूनही ती जिवंत वाटत नाही, कारण गैरहजर लाल गुणाकाराने परत येत नाही. पहिल्या लाटेतले दिवे ४००० केल्विन आणि त्याहून थंड होते. २०१६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ३००० किंवा त्याहून कमीची शिफारस केली.

जाहिरातींचे रंगीत फलक त्याहून अवघड. निळ्या एलईडीचा शुद्ध रंग एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगव्याप्तीबाहेर पडतो आणि फोटोत तपशील नसलेला सपाट निळा डाग उमटतो. सिनेमातही हीच तक्रार इतकी वाढली की ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या एसेस रंगव्यवस्थेत १.३ या आवृत्तीपासून व्याप्तीबाहेरचे रंग दाबून आत बसवण्याची सोय द्यावी लागली. फोटोत उपाय तोच, सौम्य रूपात: एक्स्पोजर फलकाला धरून कमी ठेवा आणि निळ्याचे सॅच्युरेशन आधी उतरवा. शिवाय लुकलुकणे आहेच. ५० हर्ट्झच्या विजेवरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, त्यामुळे शटर १/१०० किंवा १/५० ठेवले तर फ्रेमवर पट्टे सहसा येत नाहीत. एलईडी फलकांची लय प्रत्येकाची निराळी, तिथे हा हिशोब चालत नाही.

२०१८ साली गूगलने फोनमध्ये नाइट साइट आणले. अनेक फ्रेम एकावर एक बसवून नॉइज खाली आणायचा, आणि व्हाइट बॅलन्सचा अंदाज शिकवलेल्या यंत्राने बांधायचा. त्याच्या निर्मात्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. फोटो दिवसासारखा दिसू नये म्हणून त्यांनी चित्रकारांची युक्ती घेतली, कॉन्ट्रास्ट वाढवला आणि काही सावल्या काळ्या ठेवल्या. सावल्या ओढून भडक केलेल्या एचडीआरच्या (उजळ आणि गडद दोन्ही भागांतला तपशील एकाच फोटोत दाखवण्याच्या) लाटेनंतर हा संयम मला मोलाचा वाटला.

यंत्र आता नॉइज पुसते, आणि सांगितले तर हरवलेला रंगही भरते. पण कमी दाबाच्या सोडियमखालच्या फाइलमध्ये भरलेला रंग हा निव्वळ अंदाज असतो, आणि वृत्तछायाचित्रात किंवा दस्तऐवजात मी तो मान्य करणार नाही. अशी फाइल सरळ कृष्णधवल करावी. तसे करताना लाल आणि हिरव्या चॅनेलचे मिश्रण घ्यावे आणि निळा शून्यावर ठेवावा, कारण त्यात नॉइजशिवाय जवळजवळ काहीच नसते.