सार्डिनियातील अपहरणे

इटलीच्या सार्डिनिया बेटावर खंडणीसाठी माणसे पळवून डोंगरात दडवून ठेवण्याचा गुन्हा. १९६० ते १९९० च्या दशकांत त्याचा जोर होता. वृत्तपत्रांनी या टोळ्यांना ‘निनावी’ या अर्थाचे ‘आनोनिमा’ हे नाव दिले, पण अशी एकच संघटना नव्हती. टोळी एका कामापुरती जमे. कोणी सावज हेरी, कोणी उचली, कोणी राखण करी, आणि मध्यस्थ सौदा ठरवी.

बेटाच्या मध्यभागी बार्बाजा हा मेंढपाळांचा डोंगरी प्रदेश आहे. ओर्गोसोलो आणि ओलिएना या गावांच्या पाठीशी सुप्रामोंतेचे चुनखडीचे पठार पसरले आहे. तिथे गुहा आणि ओकची राने आहेत, आणि वाटा कळपामागे हिंडणाऱ्यालाच ठाऊक. १८२० च्या राजाज्ञेने सामायिक कुरणांना कुंपणे पडली व चराईसाठी जमीनमालकाचे पाय धरणे आले. मेंढ्यांची चोरी या मुलखात जुनीच होती. पुढे किनाऱ्यावर श्रीमंत वस्ती वाढली, तेव्हा कळपापेक्षा माणूस लपवणे फायद्याचे ठरले.

आंतोनियो पिल्यारू या विधिज्ञाने १९५९ मध्ये बार्बाजातील सूडाचे अलिखित नियम कलमवार मांडले. त्यांनुसार जनावराची चोरी एरवी अपमान ठरत नाही. घरच्या दुधाची शेळी नेली, तर ठरते. अपहरणाला ‘परंपरा’ म्हणणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावे. पोरांच्या तोंडचे दूध नेणे ज्या समाजाला खपत नाही, त्याच्या माथी मूल पळवणे मारणे अन्यायाचे आहे.

गायक फाब्रित्सिओ दे आंद्रे व त्यांच्या सहचरी, गायिका दोरी गेत्सी यांना ऑगस्ट १९७९ मध्ये तेम्पिओ पाउसानियाजवळच्या त्यांच्या शेतावरून उचलले. सुमारे चार महिन्यांनी, जवळपास ५५ कोटी लिरांची खंडणी दिल्यावर सुटका झाली. दे आंद्रे यांनी राखणदारांना क्षमा केली, कट रचणाऱ्यांना नाही. बुरख्याआडच्या राखणदारांत त्यांना दारिद्र्याने गांजलेली माणसे दिसली होती.

१९९१ च्या कायद्याने अपहृताच्या कुटुंबाची मालमत्ता गोठवण्याची तरतूद केली, म्हणजे खंडणी देताच येऊ नये. पुढच्याच वर्षी याच श्रीमंत किनाऱ्यावरच्या पोर्तो चेर्वोहून सात वर्षांचा मुलगा पळवला गेला. तो जवळपास सहा महिने कैदेत होता. मेंढीची मालकी कानावरच्या कापाने ओळखतात. या मुलाच्याही कानाचा तुकडा कापण्यात आला.