लिनक्ससाठी लॅपटॉपचे वायफाय कार्ड बदलण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. तेव्हापासून दारव्हा, दिग्रस आणि आर्णी भागातील बरेच ग्राहक जुना पण धडधाकट लॅपटॉप घेऊन आमच्याकडे येतात आणि त्यावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवून घेतात. बहुतेकांचे काम त्याच दिवशी होते. काही लॅपटॉपमध्ये मात्र सर्व काही सुरळीत चालत असताना वायफायची खूणच दिसत नाही, आणि ग्राहकाची समजूत होते की लॅपटॉप बिघडला किंवा लिनक्स कुचकामी आहे. प्रत्यक्षात अडचण असते ती बोटभर लांबीच्या एका कार्डाची.

प्रत्येक वायफाय कार्डावर एक चिप असते आणि तिच्याशी बोलण्यासाठी कार्यप्रणालीला ड्रायव्हर लागतो. ज्या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातच) समाविष्ट आहे, ती आपोआप चालू होते. ब्रॉडकॉमच्या बीसीएम ४३१४२ सारख्या चिपसाठी मात्र कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, आणि कर्नल बदलला की तो नव्याने जुळवावा लागतो. ही जुळणी फसली, तर अपडेटनंतर लॅपटॉपचे वायफाय बंद पडते, आणि ते सुरू करण्यासाठी लागणारी फाइल इंटरनेटवरूनच आणायची असते. शहरात शेजाऱ्याची केबल जोडता येते. पण ज्यांना तालुक्याला येण्यासाठी एसटीची वाट पाहावी लागते, त्यांच्यासाठी हा प्रत्येक वेळी एका दिवसाचा खोळंबा आहे. म्हणूनच अशा चिपच्या बाबतीत कार्ड बदलणेच बरे, असे आमचे मत आहे. तोपर्यंत अडल्यास मोबाइल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडून मोबाइलमधील ‘यूएसबी टेदरिंग’ (मोबाइलचे इंटरनेट वायरने लॅपटॉपला देण्याची सोय) सुरू करावे. बहुतेक लिनक्सवर ते लगेच चालते.

तथापि, प्रत्येक कार्ड बदलण्याची गरज नसते. रियलटेकची आरटीएल ८८२१ सीई ही चिप कर्नल ५.९ पासून लिनक्समध्ये समाविष्ट आहे, त्यामुळे जुनी आवृत्ती काढून नवी बसवल्यावर अनेकदा काम भागते. काही चिपना ड्रायव्हरखेरीज फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाइलही लागते. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने ती २०२३ मधील १२व्या आवृत्तीपासून बसवण्याच्या संचातच दिली आहे. आम्ही प्रथम हे उपाय करून पाहतो आणि त्यांनी काम झाल्यास कार्ड विकत नाही.

कार्ड बदलायचेच ठरल्यास कृपया ऑनलाइन मागवण्यापूर्वी आम्हाला विचारावे, कारण दिसायला सारखी असलेली कार्डे सारखी नसतात. साधारण दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा हाफ मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड असते, तर त्यानंतरच्यात २२ बाय ३० मिलिमीटरचे एम.२ कार्ड असते. दोन्हींच्या अँटेनाच्या टोप्याही (कार्डावर बसणारी अँटेनाच्या तारांची टोके) वेगळ्या मापाच्या असतात. सर्वात जास्त फसगत होते ती इंटेलच्या एएक्स २०० आणि एएक्स २०१ या जोडीत. एएक्स २०० हे स्वतंत्र कार्ड असून एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्येही चालते. एएक्स २०१ मध्ये मात्र केवळ रेडिओचा भाग असतो आणि उरलेले काम लॅपटॉपमधील इंटेलच्या ठरावीक चिपसेटमध्ये (मदरबोर्डावरील मुख्य चिपमध्ये) होते, म्हणून ते इतरत्र खाचेत नीट बसूनही चालत नाही. जुन्या मिनी कार्डांत अथेरॉसच्या एआर ९२८० किंवा एआर ९३८० सारख्या चिप आम्हाला अधिक भरवशाच्या वाटतात, कारण त्यांना फर्मवेअरची वेगळी फाइल लागतच नाही. त्यांचा वेग आजच्या मानाने कमी असला, तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पीकविम्याचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास तो पुरेसा आहे.

काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये बायोस (लॅपटॉप सुरू करणारा अंगभूत प्रोग्राम) केवळ मंजूर यादीतील कार्ड स्वीकारतो आणि दुसरे कार्ड लावल्यास सुरू होतानाच चूक दाखवून थांबतो. काहींमध्ये कार्ड मदरबोर्डावरच सोल्डर करून पक्के बसवलेले असते. अशा वेळी लिनक्सला अनुकूल यूएसबी वायफाय हाच मार्ग उरतो.

घरी स्वतः कार्ड बदलणाऱ्यांनी लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा आणि आतील बॅटरीची जोडणीही सोडवावी. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज साचते आणि तिच्या ठिणगीने चिप निकामी होऊ शकते, म्हणून सिंथेटिक चटईवर बसून हे काम करू नये व कार्ड हाती घेण्यापूर्वी आर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करावा. अँटेनाच्या टोप्या सरळ वर उचलाव्यात आणि बसवताना सरळ खाली दाबाव्यात. त्या वारंवार काढघाल करण्यासाठी बनवलेल्या नसतात. अँटेनाच्या दोन्ही तारा जोडणे अत्यंत आवश्यक आहे. रेंज मिळावी म्हणून मोबाइल माळ्यावरच्या खिडकीत ठेवायचा आणि लॅपटॉप जाड मातीच्या भिंतींमागे आतल्या खोलीत, अशी अनेक घरांची व्यवस्था असते, आणि तिथे एका सुटलेल्या तारेमुळे जोडणी सतत तुटते. अशा घरात मोबाइलचा हॉटस्पॉट ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झवर ठेवावा, कारण तो भिंतींतून अधिक चांगला पोहोचतो.

बहुतेक कार्डांवर ब्लूटूथही असते, म्हणून कार्ड बसवल्यावर आम्ही दोन्ही तपासून दाखवतो. दुकानात येताना चार्जर आणावा, महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी, आणि लॅपटॉप वॉरंटीत असल्यास तो उघडण्यापूर्वी तसे सांगावे. काढलेले कार्ड आम्ही ग्राहकाला परत देतो. पुढे कधी पुन्हा विंडोज बसवायचे ठरले, तर तेच कार्ड पूर्वीप्रमाणे लावता येते.