एचआयव्ही माणसात कसा आला आणि कसा रुळला

इंदूरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला पॅराफिनचा ब्लॉक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नखाएवढा ऊतीचा तुकडा, त्याभोवती पांढरट मेण आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक. तपासणी झाली की तो खोक्यात जातो आणि वर्षानुवर्षे तिथेच पडून राहतो. १९६० मध्ये लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजची काँगोची राजधानी किन्शासा, येथे एका स्त्रीच्या लसिकाग्रंथीचा असाच ब्लॉक करून ठेवला गेला. एड्स हा शब्दही तेव्हा अस्तित्वात नव्हता. पुढे संशोधक मायकेल वोरोबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मेणातून एचआयव्हीच्या, म्हणजे एड्सच्या विषाणूच्या, जनुकांचे तुकडे मिळवले आणि त्याच शहरातील एका पुरुषाच्या १९५९ च्या रक्तनमुन्यातील विषाणूशी ते ताडून पाहिले, तेव्हा दोहोंत सुमारे १२ टक्के फरक निघाला. एका वर्षात एवढा फरक पडत नाही. बदलांच्या गतीवरून मागे मोजत गेल्यावर त्यांचा समान पूर्वज १९०८ च्या आसपास, फार तर १८८४ ते १९२४ या काळात, येतो, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आमच्या वाचक मंडळात हा विषय निघाला की कोणीतरी काका हमखास विचारतात, "म्हणजे हा माकडांचाच रोग ना?" उत्तर अर्धे होकारार्थी आहे. या विषाणूचे एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ असे दोन प्रकार आहेत. त्यांपैकी जगभर पसरलेल्या एचआयव्ही-१ च्या एम गटाचा सर्वांत जवळचा नातलग आग्नेय कॅमेरूनमधील चिंपांझींत सापडतो, आणि संशोधकांनी तो शोधला तो जंगलात गोळा केलेल्या चिंपांझींच्या विष्ठेतून. चिंपांझी मात्र माकड नव्हे, कपी, म्हणजे माणसाचा जवळचा बिनशेपटीचा नातलग; आणि त्याच्याकडचा विषाणूही मुळात त्याचा नाही. चिंपांझी ज्या माकडांची शिकार करून खातात, त्यांच्या निरनिराळ्या विषाणूंच्या जनुकांची सरमिसळ होऊन तो तयार झाला. माणसापर्यंत तो बहुधा त्याच वाटेने आला असावा, म्हणजे शिकार कापताना हातावरच्या जखमेत गेलेल्या रक्तातून.

हे एकदाच घडलेले नाही. एचआयव्ही-१ चे एम, एन, ओ आणि पी हे चार गट चार स्वतंत्र संक्रमणांतून आले असून, त्यांपैकी ओ आणि पी यांचे जवळचे नाते गोरिलांच्या विषाणूशी आहे. एचआयव्ही-२ तर पश्चिम आफ्रिकेतील सूटी मॅंगबी या माकडाकडून, तोही अनेकदा आला. एन आणि पी मोजक्या रुग्णांपलीकडे गेले नाहीत. मग एम गटच का फोफावला? माझ्या मते या इतिहासातला खरा प्रश्न हाच आहे.

उत्तराचा एक भाग पेशीत आहे. आपल्या पेशींत टेथरिन नावाचे प्रथिन असते. गोठ्यातल्या जनावराला दावे बांधावे तसे ते बाहेर पडू पाहणाऱ्या नव्या विषाणूकणांना पेशीच्या पृष्ठभागाशीच अडकवून ठेवते. चिंपांझीतला विषाणू नेफ या प्रथिनाने हे दावे तोडतो. पण नेफ टेथरिनच्या ज्या भागाला पकडते, तिथली पाच अमिनो आम्ले माणसाच्या टेथरिनमध्ये नाहीतच, त्यामुळे माणसात नेफ निरुपयोगी ठरले. एम गटाने हे काम व्हीपीयू या दुसऱ्या प्रथिनाकडे सोपवले आणि ते चोख साधले. इतर गटांना ते इतके चांगले जमले नाही.

दुसरा भाग शहराचा आहे. कॅमेरूनच्या त्या कोपऱ्यातले पाणी सांघा नदीतून काँगो नदीला मिळते आणि खाली किन्शासाकडे जाते. मातादी बंदरापासून किन्शासापर्यंतची रेल्वे १८९८ मध्ये पूर्ण झाली होती. रेल्वेने गावाचे काय होते, हे होळकरांनी कर्ज देऊन खंडव्याहून रूळ आणवलेल्या इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. खाणींकडे आणि कारखान्यांकडे जाणारे एकटे पुरुष, वाढता वेश्याव्यवसाय आणि दळणवळण यांतून विषाणू १९२० च्या सुमारास किन्शासात रुजला. वसाहतकाळातील उपचार मोहिमांत पुनःपुन्हा वापरल्या गेलेल्या सुयांचा वाटा किती, यावर मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. चिंपांझींच्या पेशी वापरून बनवलेल्या पोलिओ लसीतून तो पसरला, हा एकेकाळी गाजलेला तर्क टिकला नाही, कारण त्यात ज्या भागातील चिंपांझींकडे बोट दाखवले गेले, त्यांच्यातील विषाणू वेगळ्याच शाखेचा निघाला.

पुढचा प्रवास अधिक परिचित आहे. १९६० च्या दशकात हैती, १९७० च्या आसपास अमेरिका, ५ जून १९८१ रोजी लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या न्यूमोनियाची, म्हणजे पुढे एड्स म्हटल्या गेलेल्या रोगाची पहिली, नोंद आणि १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणूचा शोध. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत सुनीती सोलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांनी पहिले बाधित शोधले. तेव्हापासून आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत अशी, की हा रोग अमेरिकेतून आला. पण तिथे प्रामुख्याने एम गटाचा बी उपप्रकार आढळतो, तर भारतातील बहुतांश बाधितांत सी उपप्रकार आहे, आणि त्याचे जवळचे नातलग अमेरिकेत नव्हे, दक्षिण आफ्रिकेच्या परिसरात आहेत.