खाजेची कात्री

इसब झालेल्या लेकराला डॉक्टरांकडे न्यायच्या आधीच घरातलं कुणीतरी म्हणतं, "रक्त बिघडलंय, रक्तशुद्धीचा काढा द्या." मूल मात्र रात्रभर खाजवतं आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. ही खाज येते कुठून? रूढ उत्तर असं की, आधी प्रतिकारशक्ती खवळते, त्वचा सुजते आणि त्या सुजेतून खाज सुटते. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या आयझॅक च्यू यांच्या गटाने नोव्हेंबर २०२३मध्ये 'सेल' या नियतकालिकात उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि हा क्रमच डळमळला. एक जिवाणू थेट मज्जातंतूला डिवचून खाज उठवू शकतो!

हा जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. करट, गळू यांमागे बहुधा तोच असतो आणि इसबाच्या चट्ट्यांवरही तो मुबलक सापडतो. संशोधकांनी तो उंदरांना टोचला नाही, नुसता कातडीवर लावला. उंदीर जखमा होईपर्यंत खाजवू लागले. आसपासच्या त्वचेला हलकासा स्पर्श झाला तरी त्यांना खाज सुटे. इसबाच्या रुग्णाला लोकरीचा स्वेटर सहन होत नाही, तसंच हे. मास्ट पेशी, बेसोफिल अशा प्रतिकारपेशी नसलेले उंदीरही खाजवतच होते.

मग जिवाणूचं एकेक हत्यार काढून घेऊन पाहिलं. व्ही-८ नावाचं विकर (एन्झाइम) नसलेल्या जिवाणूंनी खाज फारशी उठवली नाही. उलट, नुसतं व्ही-८ त्वचेत टोचलं तरी उंदीर खाजवू लागले. हे विकर प्रथिनं कापतं. प्रयोगशाळांत ते कित्येक वर्षं कात्रीसारखं वापरलं जातं, पण त्याचा खाजेशी असा संबंध असेल हे ध्यानात आलं नव्हतं.

ही कात्री कापते काय? मज्जातंतूच्या पृष्ठभागावरचा पार-१ हा ग्राही, म्हणजे बाहेरचा निरोप आत पोचवणारं प्रथिन (रिसेप्टर). मला या ग्राहीचं फार अप्रूप आहे. बहुतेक ग्राही बाहेरून येणाऱ्या रेणूची वाट बघतात, कुलपाने किल्लीची बघावी तशी. पार-१ची किल्ली त्याच्याच अंगावर, बाहेर लोंबणाऱ्या शेपटीत दडलेली असते. थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं विकर शेपटीचा शेंडा कापतं, उघडं पडलेलं टोक वळतं आणि त्याच ग्राहीच्या खाचेत बसतं. किल्ली जोडलेलीच असल्याने निसटून जायची सोय नाही. म्हणून हा ग्राही काडेपेटीतल्या काडीसारखा, एकदाच पेटणारा. पेशी तो गिळून टाकते आणि नवा आणते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; थ्रॉम्बिन तिच्यातल्या आर्जिनिन या दुव्यानंतर कापतं, व्ही-८ मुख्यतः ग्लुटामिक आम्ल या दुव्यानंतर, त्यामुळे दोघांचा काप एकाच जागी पडत नाही. तरीही व्ही-८ने कापल्यावर मज्जातंतू पेटतो आणि मेंदूला निरोप जातो, खाजव!

थ्रॉम्बिन याच ग्राहीतून रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेटना जागं करतं. म्हणून हृदयविकाराच्या रुग्णांसाठी पार-१ अडवणारं वोरापक्सार हे औषध अमेरिकेत २०१४मध्ये मंजूर झालं होतं. ते दिल्यावर उंदरांची खाज आणि जखमा दोन्ही कमी झाल्या. पण यावरून 'खाजेवर रामबाण गोळी सापडली' असे मथळे देणं चूक आहे. या औषधाने रक्तस्राव वाढतो. इसबासाठी ते कुणीही आपल्या मनाने घेऊ नये.

शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्याची कातडी पातळ असते आणि या जिवाणूची काही विषं माणसाच्या पेशींना मारतात, उंदराच्या पेशींना जवळजवळ शिवतही नाहीत. पार-१च्या बाबतीत मात्र गटाने माणसाचे मज्जातंतूही तपासले. व्ही-८ने तिथलाही पार-१ कापला.

खाजवण्याने किती नुकसान होतं, हे प्रयोगशाळांच्या प्राणिगृहांत आधीपासून ठाऊक आहे. तिथल्या काळ्या, सी-५७ ब्लॅक-६ जातीच्या उंदरांना कुणी काही न लावताही व्रण होतात आणि खाजवून खाजवून चिघळतात. त्या जखमांत पुष्कळदा स्टॅफिलोकोकस सापडतो. मलमांचा गुण येतोच असं नाही. जो उपाय बऱ्याचदा लागू पडतो तो अगदी साधा आहे: उंदराला थोडी भूल देतात आणि त्याच्या मागच्या पायांची नखं कापतात.