ढोंग व निष्कपटता (ख्रिस्ती धर्मविचार)

नव्या करारात ‘ढोंगी’ हा शेरा सहसा पापी म्हणून ओवाळून टाकलेल्यांवर नसतो, धार्मिक म्हणवणाऱ्यांवर असतो. मूळ ग्रीक शब्द ‘हुपोक्रितेस’, म्हणजे नाटकातला नट. ‘निष्कपट’ या अर्थाचा ‘अनुपोक्रितोस’ हा शब्दही त्यालाच नकार जोडून झालेला आहे: सोंग नसलेला.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्रग्रंथाच्या) 6व्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल बोलतो. कृत्ये चांगलीच आहेत. प्रश्न ती कोणाला दिसावीत म्हणून केली हा. उपवास करणाऱ्याने तोंड उतरवू नये, डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे, असे तो सांगतो. (उपाशी असून तसे न दाखवणे हेही सोंगच की, असे कोणी म्हणेल, पण इथे प्रेक्षकच नाही.) 23व्या अध्यायात भाषा फार कडक होते. पुदिना, शेप, जिरे यांचाही दशांश (देवासाठीचा दहावा हिस्सा) काटेकोरपणे द्यायचा आणि न्याय, दया मात्र विसरायची, अशांना तो चुना लावलेल्या कबरी म्हणतो. तरी त्याच अध्यायात, शास्त्री (धर्मशास्त्राचे जाणकार) व परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) सांगतात ते पाळा, करतात तसे करू नका, असेही आहे. हा यहुदी समाजातला घरचा वाद होता. पुढे ख्रिस्ती लोकांनी ‘परूशी’ ही शिवीच करून टाकली, आणि त्यात त्या पंथावर अन्याय झाला.

ढोंगाच्या आरोपातून प्रेषितही, म्हणजे येशूचा संदेश पसरवणारे पहिले पुढारीही, सुटले नाहीत. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र गैरयहुदी ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आल्यावर तो पंगतीतून बाजूला झाला. प्रेषित पौलाने सर्वांसमोर त्याला धारेवर धरले आणि या वागण्याला ढोंगच म्हटले (गलतीकरांस पत्र, अध्याय 2). पंक्तिभेद म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

पाळकच ढोंगी असेल तर त्याने दिलेला बाप्तिस्मा खरा का? इ.स. 303 नंतर रोमन साम्राज्याने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात धर्मग्रंथ सरकारच्या हवाली करणाऱ्या धर्मगुरूंमुळे उत्तर आफ्रिकेत हा वाद पेटला. अशांनी केलेले बाप्तिस्म्यासारखे संस्कार दोनातवादी, म्हणजे दोनात या बिशपाचे अनुयायी, मानत नसत. तिथलाच पुढच्या काळातला बिशप ऑगस्टीन याचे म्हणणे, संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नव्हे. 411 मध्ये कार्थेजच्या परिषदेत निकाल दोनातवाद्यांच्या विरोधात गेला.

याहून अवघड गोष्ट पंडिता रमाबाईंनी स्वतःबद्दल लिहिली. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, हे सुमारे आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी 1907 मधील आत्मनिवेदनात नोंदवले. त्यांनी कोणाला फसवले नव्हते. पटत नव्हते त्या सिद्धांतांवर त्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) भगिनींशी, म्हणजे जोगिणींशी, पत्रांतून उघड वाद घालत होत्या. धर्म आणि ख्रिस्त यांतल्या अशा अंतराला ढोंग म्हणता येत नाही, आणि नव्या करारातल्या नटाच्या शब्दात ते बसतही नाही.